माशांच्या पाण्यावर भाजी : शेवाळ आणि किडीवर बिनऔषधी इलाज

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. पूर्वी दुकानात येणारे तरुण सुताचे भाव विचारत. आता ते विचारतात, दुसरा कोणता जोडधंदा करता येईल? त्यांपैकी बरेच जण ॲक्वापोनिक्सचे नाव घेतात. टाकीत मासे, शेजारच्या वाफ्यात भाजी आणि दोघांमध्ये एकच पाणी फिरते, असा हा प्रकार आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. पाण्यातील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट हे भाजीचे खत. भाजी ते उचलते आणि पाणी पुन्हा माशांकडे जाते.

कागदावर हिशेब सोपा दिसतो. परंतु नवख्या माणसाचे भांडवल बहुधा दोन ठिकाणी अडकते, एक शेवाळ आणि दुसरी कीड. या लेखात आम्ही तेवढाच विषय घेत आहोत.

बाटलीतले औषध का चालत नाही?

शेतात कीड दिसली की आपण दुकानातून बाटली आणतो. येथे मात्र पानावर मारलेले औषध थेंबाथेंबाने पाण्यात उतरते आणि त्या पाण्यात मासे असतात. माशांना आजार झाला म्हणून पाण्यात जंतुनाशक टाकावे, तर खत तयार करणारे जिवाणूही मरू शकतात. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकावे, तर त्यातले तांबे माशांच्या कल्ल्यांवर उठते. तिघांचे पाणी एक असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याचे जहर ठरते.

त्यावर लोक म्हणतात, “मग नैसर्गिक औषध वापरू.” येथेच आम्ही फसलो होतो. गोदामाच्या गच्चीवर आम्ही हजार लिटरची टाकी बसवली, चाळीस चिलापी सोडल्या आणि वर पालक व पुदिना लावला. पालकावर मावा आला. साबण तर घरचाच, त्याने काय होणार, असे समजून आम्ही बादलीभर साबणाचे पाणी पानांवर मारले. ते सगळे निथळून टाकीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून अधिक मासे उलटे तरंगत होते. साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, हे आम्हाला त्यानंतर समजले. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती.

तेव्हा ही गोष्ट गाठीला बांधावी की नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तंबाखूचा काढा नैसर्गिकच, पण त्यातले निकोटीन माशांना घातक. पायरेथ्रम शेवंतीच्या जातीच्या फुलांतून निघते, तरी माशांसाठी ते फार विषारी आहे. आपल्याकडे गेळाची फळे कुटून ओढ्यात टाकत आणि मासे पकडत, तेही झाडाचेच फळ. कडुनिंबाच्या अर्काचीही माशांना बाधा होऊ शकते, आणि तेल पाण्यात मिसळण्यासाठी त्यात साबण घातला जातो तो वेगळाच. नीम वापरायचेच असेल तर रोपे वाफ्यात बसवण्यापूर्वी, बाहेर ट्रेमध्ये असतानाच फवारावे.

शेवाळ : इलाजापेक्षा परहेज बरे

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खत तर आपण भाजीसाठी मुद्दाम तयार करतो, ते बंद करता येत नाही. उरला उजेड. म्हणून शेवाळाचा खरा इलाज म्हणजे पाण्यावर सावली.

शेवाळ नुसते दिसायला वाईट नाही. ते भाजीचे खत खाते आणि पंप व नळ्या तुंबवते. दिवसा त्याच्यामुळे पाण्याचा सामू चढतो आणि सामू चढला की अमोनिया माशांना जास्त बाधतो. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजावे की प्राणवायू कमी पडला आहे. पाणी हिरवे असेल तर संशय आधी शेवाळावर घ्यावा आणि हवेचा पंप ताबडतोब वाढवावा.

कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून या पद्धतीवर काम केले. ऊन तेथेही आपल्यासारखेच कडक. त्यांनी भाजीच्या हौदावर थर्मोकोलसारखे तरंगते तक्ते सोडले. तक्त्याच्या भोकात रोप, खाली मुळे आणि पाण्यावर पूर्ण झाकण. उजेडच पोचत नसल्यामुळे हौदात शेवाळाला वाव राहिला नाही. गाळ बसण्याच्या टाकीतून ते दिवसातून तीन वेळा गाळ काढत. त्याच टाकीत त्यांनी चिलापीची वीसेक पिल्ले सोडली होती. भिंतींवर जमणारा थर ती खरवडून खात आणि टाकी साफ राहत असे. मजूर न लावता झालेली ही सफाई आम्हाला फार पसंत पडली.

आपल्याकडे करण्यासारख्या गोष्टी अशा :

१. टाकी पांढरी व अर्धपारदर्शक असेल तर बाहेरून आधी काळा रंग द्यावा, त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो.

२. माशांच्या टाकीवर शेडनेट टाकावी. भाजीला ऊन हवे असते, म्हणून दोघांसाठी एकच जाळी वापरू नये. माशांवर दाट, भाजीवर विरळ.

३. पारदर्शक नळी वापरू नये. खडीचा वाफा असेल तर पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली दीड-दोन इंच ठेवावी, म्हणजे वरची खडी कोरडी राहते.

४. मासे थोड्या वेळात संपवतील तेवढेच खाद्य द्यावे. उरलेले खाद्य कुजते आणि त्याचा फायदा शेवाळाला होतो.

५. मासे असतील त्या मानाने भाजी पुरेशी लावावी. भाजीने उचललेले खत शेवाळाला मिळत नाही.

कीड : आधी दरवाजा बंद करा

येथे कापडवाल्याचे ज्ञान कामी येते. कापडात आम्ही एका इंचात किती धागे ते मोजतो, तसे कीडरोधक जाळीत इंचात किती भोके ते मोजतात. ४० मेश म्हणजे इंचात ४० भोके. पतंग आणि माश्या अडवायला ती पुरते. पांढऱ्या माशीसाठी ५० मेश बरी. फुलकिडे त्याहून बारीक असतात. परंतु जाळी जितकी घट्ट तितका वारा कमी आणि आत उकाडा जास्त, हे विसरू नये. जाळी घेताना भिंग लावून भोके मोजावीत, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

जाळीनंतरही काही कीड आत येतेच. तिच्यासाठी पायऱ्या ठरवाव्यात. पिवळे चिकट सापळे मावा व पांढऱ्या माशीला ओढतात, निळे फुलकिड्यांना. सापळ्यावर कीड वाढू लागली की समजावे, पानांखाली पाहण्याची वेळ झाली. मावा थोडा असेल तर साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. खाली पडलेला मावा मासे खाऊन टाकतात. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात, म्हणून स्टँडच्या पायांना ग्रीस लावावे. ढालकिडा आणि क्रायसोपाच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. ते दिसले तर मारू नयेत, ते आपले बिनपगारी नोकर आहेत.

पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बीटी या जिवाणूची फवारणी उपयोगी पडते. सेंट क्रॉयवरही सुरवंटांसाठी तीच वापरली गेली. अळीने पान खाल्ले तरच बीटीचा परिणाम होतो आणि उन्हात तिचा जोर लवकर जातो. म्हणून अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी फवारावी. माशांना तिच्यापासून धोका नाही. मात्र मावा किंवा पांढऱ्या माशीवर ती चालत नाही, त्यासाठी पैसे घालू नयेत.

पाण्यात गोगलगायी वाढल्या तर त्या कोवळी मुळे खातात. त्यांवरही औषध टाकू नये. गोगलगायी खाणारे मासे हौदात सोडणे हाच तेथला इलाज होता.

हिशेबाची गोष्ट

पुष्कळ जण टाकी, पंप आणि मासे यांचा खर्च मांडतात. शेडनेट, जाळी आणि सापळे ‘नफा झाल्यावर घेऊ’ म्हणून मागे ठेवतात. हा हिशेब उलटा आहे. गोदामाला छप्पर घालण्याआधी माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणू? सावली आणि जाळी हे भांडवलातच धरावे आणि मासे सर्वांत शेवटी आणावेत.

दुसऱ्यांदा सुरुवात करताना आम्ही आधी टाकी रंगवली, मग जाळी लावली, मग महिनाभर थांबलो. या वेळी दहाच मासे सोडले. उधारी कोणाची घेतली नाही. ज्या तरुणांना कर्ज काढून मोठा प्रकल्प उभारायचा आहे, त्यांनीही आधी एका छोट्या टाकीवर एक उन्हाळा काढून पाहावा. हिरवे पाणी आणि मावा हे दोन्ही त्या एका उन्हाळ्यात भेटून जातात, आणि तेव्हा नुकसान दहा माशांचे होते, घराचे होत नाही.