थर्मोकोल का तरंगतो आणि शेवटी कोठे जातो?

आमच्या भागातील चाळिशी-पन्नाशीच्या कोणाही माणसाला विचारा, तो पोहायला विहिरीतच शिकलेला असतो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, नाहीतर वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा. आणि काका-मामांपैकी कोणीतरी मागून ढकलून द्यायचे. पोट पाण्यावर आदळून लाल व्हायचे, पण माणूस बुडत नसे. नदीकाठी भोपळे एकत्र बांधून सांगड करीत आणि तिच्यावरून पाणी ओलांडीत. डबा, भोपळा आणि पांगारा या तिन्ही गोष्टींत एक साम्य होते. त्यांच्या आकारमानाचा बराच मोठा भाग हवेने व्यापलेला होता.

आता विहिरीवर पाहावे तर मुलांच्या पाठीला थर्मोकोलचा तुकडा बांधलेला दिसतो. तळ्यांत व धरणांच्या जलाशयांत मासे धरणारी माणसेही थर्मोकोलचे ठोकळे दोरीने किंवा जाळीने आवळून त्यांचा तराफा करतात. समुद्रकाठी, विशेषतः परदेशांत, नावा लावण्याच्या तरंगत्या धक्क्यांखाली हाच पदार्थ घातला जातो. हलका, स्वस्त, हवा तसा कापता येणारा आणि भोक पडले तरी न बुडणारा! मग अलीकडे काही देशांनी या उपयुक्त पदार्थाला पाण्यात उतरायला बंदी का केली असावी? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय ते पाहू. बर्लिनमधील औषधविक्रेता एडुआर्ड सिमोन याने १८३९ साली एका झाडाच्या सुगंधी राळेपासून एक तेलकट द्रव मिळवला. तोच आजचा स्टायरीन. हा द्रव ठेवून दिला की घट्ट होतो, हे त्याच्या लक्षात आले होते. पण असे का होते ते समजायला जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. स्टायरीनचे रेणू साखळीतील कड्यांसारखे एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब रेणू बनतो, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० नंतरच्या काळात मांडली. या कामासाठी त्यांना १९५३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा साखळीला बहुवारिक म्हणतात, आणि स्टायरीनच्या बहुवारिकाला पॉलिस्टायरीन. हे पॉलिस्टायरीन मुळात काचेसारखे पारदर्शक, कडक आणि ठिसूळ असते. जुन्या सीडीची पारदर्शक डबी बहुधा त्याचीच असते.

या कडक पदार्थाचा पांढरा फेस करण्याची युक्ती जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत १९५० च्या सुमारास निघाली. पॉलिस्टायरीनच्या सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या मण्यांत पेंटेन नावाचा, थोड्या उष्णतेने वायू होणारा द्रव मुरवतात. मण्यांना वाफ दिली की पॉलिस्टायरीन मऊ पडते, आतला पेंटेन फुगतो आणि मणी मूळच्या चाळीस-पन्नास पट होतो. ज्वारीचा दाणा फुटून लाही व्हावी तसे! फुगलेले मणी साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात आणि ठोकळा तयार होतो. हळूहळू पेंटेन निघून जातो व त्याच्या जागी हवा शिरते. ‘थर्मोकोल’ हे खरे तर व्यापारी नाव. आपण ते सरसकट सगळ्याच पांढऱ्या फेसाला लावले.

आता थोडे गणित करू. समजा, एक ठोकळा १ मीटर लांब, ५० सें.मी. रुंद आणि १० सें.मी. जाड आहे. त्याचे घनफळ ५०,००० घ.सें.मी., म्हणजे ५० लिटर. नेहमीच्या थर्मोकोलची घनता दर घनमीटरला १५ ते ३० किलोग्रॅम असते. आपण २० धरू. मग आपल्या ठोकळ्याचे वजन अवघे १ किलोग्रॅम भरेल. तो पूर्ण बुडवला तर ५० लिटर, म्हणजे ५० किलोग्रॅम पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढेच प्लावक बल त्याला वर उचलते. स्वतःचे १ किलोग्रॅम वजा जाता हा ठोकळा ४९ किलोग्रॅम वजन पेलू शकतो. असे दोन ठोकळे बांधले की एक माणूस, त्याचे जाळे आणि थोडे मासे यांची सोय झाली. ज्याच्याकडे होडी घ्यायला पैसे नाहीत त्याला हा पदार्थ का आवडतो, हे यावरून कळेल. त्याला नावे ठेवण्यापूर्वी हे गणित आपण केलेले बरे.

याच गणिताची दुसरी बाजू अशी. भरीव पॉलिस्टायरीनची घनता दर घ.सें.मी.ला १.०५ ग्रॅम आहे, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जास्त. पॉलिस्टायरीन स्वतः पाण्यात बुडते! थर्मोकोलमध्ये २ टक्क्यांहूनही थोडे कमी प्लास्टिक आणि ९८ टक्के हवा असते. तरंगते ती हवा. प्लास्टिक फक्त तिला कोंडून ठेवते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

कुर्डुवाडीहून टेंभुर्णीमार्गे तासाभरात भीमानगरला पोचता येते. तेथे भीमा नदीवर उजनी धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि भरल्यावर त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. सोलापूर शहर याच पाण्यावर जगते, आणि भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते याच जलाशयात. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन काठाने हिंडताना आम्हाला चिखलात रुतलेला थर्मोकोलचा जुना ठोकळा सापडला. कडा झिजून गोल झालेल्या, वरची बाजू पिवळट. एका मुलाने तो पायाने उलटवला मात्र, पांढऱ्या मण्यांचा ढीग सुटा झाला आणि वाऱ्याने भुर्रकन पाण्यावर गेला. आम्ही सगळे पाहतच राहिलो. गोळा करायला धावलो, पण मूठभरही हाती लागले नाहीत.

किती मणी असतील एका ठोकळ्यात? फुगलेल्या मण्याचा व्यास ४ मि.मी. धरला तर त्याचे घनफळ सुमारे ३३.५ घन मि.मी. येते. ५० लिटर म्हणजे ५ कोटी घन मि.मी. भागाकार करून पाहा. उत्तर सुमारे १५ लाख येईल. एका ठोकळ्यात पंधरा लाख मणी! एवढे मोजायला दर सेकंदाला एक या वेगाने सतरा दिवस आणि सतरा रात्री लागतील.

ठोकळा फुटतो कशाने? पहिले कारण ऊन. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण पॉलिस्टायरीनच्या साखळ्या तोडतात. पृष्ठभाग पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि बोट फिरवले तरी भुकटी निघते. भुकटी निघाली की खालचा ताजा थर उन्हात येतो. दुसरे कारण घर्षण. पाणी वर-खाली होताना ठोकळा काठच्या दगडांवर घासतो आणि आवळलेली दोरी त्यात रुतत जाते. समुद्राकाठी तर तिसरे कारणही आहे. स्फिरोमा नावाचा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, कवचधारी कुळातला एक प्राणी खाऱ्या व मचूळ पाण्यात राहतो आणि लाकूड पोखरून त्यात बीळ करतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो तरंगत्या धक्क्यांखालचा थर्मोकोलही पोखरतो असे आढळले. टिमथी डेव्हिडसन या संशोधकाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एक बीळ कोरताना एकच प्राणी प्लास्टिकचे हजारो सूक्ष्म कण पाण्यात सोडतो. तो थर्मोकोल खात नाही, त्याला फक्त घर हवे असते. सुताराच्या रंध्याखाली पडावा तसा भुसा तो मागे टाकतो. याच कुळातील काही जाती आपल्या किनाऱ्यावर खारफुटीचे लाकूड पोखरताना दिसतात. उजनीच्या गोड्या पाण्यात ही भीती नाही, पण ऊन आमच्याकडे भरपूर आहे. सोलापूर जिल्ह्याचा मे महिना ज्याने पाहिला त्याला हे वेगळे सांगायला नको.

सुटा झालेला मणी कोठे जातो? पृष्ठताण बाजूला ठेवला तर त्याचा २ टक्के भागच पाण्याखाली असतो. ४ मि.मी.च्या मण्याचा पाण्यात बुडालेला भाग जेमतेम एक-तृतीयांश मिलिमीटर खोल असतो. बाकीचा सगळा वाऱ्यावर, शिडासारखा. म्हणून तो पाण्याच्या प्रवाहापेक्षा वाऱ्याचे अधिक ऐकतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो आणि उजनीत धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. तरंगता कचरा भिंतीकडे आणि पूर्वेकडील खाजणांत साचण्याचा कल का असावा, हे तुम्हीच ठरवा.

पण सगळेच मणी तरंगत राहत नाहीत. मणी चिरडला, झिजला आणि त्याचे हवेचे कप्पे फुटले की उरते ते भरीव पॉलिस्टायरीन, ज्याची घनता १.०५ आहे. शिवाय त्याच्यावर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढून भर पडते. असा कण हळूहळू तळाला जातो आणि गाळात मिसळतो. जाळीने गोळा करता येतो तो तरंगणारा कचरा. तळाच्या गाळातून कणांएवढे प्लास्टिक वेचून काढणे मात्र फार अवघड असते. पाण्यावरचे मणी दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले, असे मानणे चूक आहे ते यासाठी. माशाच्या अंड्यासारखा दिसणारा हा मणी मासे आणि पक्षी गिळतात; समुद्रपक्ष्यांच्या जठरांत असे कण अनेक ठिकाणी सापडले आहेत.

आता कायद्यांकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने थर्मोकोलच्या ताटल्या, पेले आणि सजावटीच्या वस्तू बंद केल्या. त्यामुळे गणपतीच्या मखरांचे स्वरूप बदलले. (जाता जाता सांगतो, मखरे व बाशिंगे पूर्वी भेंडाची करीत. भेंड ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिचा गाभा म्हणजे निसर्गाने केलेला थर्मोकोलच, आणि तो कुजतो.) केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्मोकोल देशभर बंद झाला. पण या दोन्ही नियमांचा रोख एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आहे. वर्षानुवर्षे पाण्यात राहून झिजणारा ठोकळा त्यांच्या नजरेतून निसटतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने नेमके याच ठोकळ्यासाठी २०२१ साली कायदा केला आणि तो मे २०२३ पासून लागू झाला. नव्या तरंगत्या धक्क्यांतील फेस पूर्णपणे कवचाने झाकलेला असला पाहिजे, असे तो सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली धक्क्यांखालच्या फेसावर निर्बंध घालणारा कायदा केला. दक्षिण कोरियात कालवे आणि समुद्रशेवाळ यांच्या शेतीसाठी फेसाचे लक्षावधी तरंगक वापरात होते. तेथे नोव्हेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने नवे तरंगक बसवण्यास मनाई झाली.

झाकण्यासाठी बहुधा उच्च घनतेचे पॉलिथिलीन वापरतात. त्याची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणजे ते स्वतःच तरंगते. त्याची पोकळ पेटी केली तर फेसाची गरजच उरत नाही. तेलंगणातील रामगुंडमच्या जलाशयावर १०० मेगावॅटचे सौरपट्ट २०२२ पासून तरंगत आहेत, ते अशा पोकळ तरंगकांवर. परंतु पोकळ पेटीला भोक पडले की ती भरते आणि बुडते. म्हणून एका मोठ्या पेटीपेक्षा अनेक लहान पेट्या बऱ्या, किंवा मग पेटीच्या आत फेस आणि बाहेर जाड कवच. मच्छीमाराच्या दृष्टीने २०० लिटरचे प्लास्टिकचे जुने पिंपही चांगले. त्याचे वजन ९-१० किलोग्रॅम, उचल १९० किलोग्रॅम. मात्र त्यात पूर्वी कोणते रसायन होते ते पाहिले पाहिजे.

थर्मोकोल काढून घ्या आणि बदल्यात काही देऊ नका, असे म्हणणे मला पटत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. या पाण्यावर माणसांना तरंगत ठेवणाऱ्या साधनांची गरज किती खरी आहे, ते अशा वेळी कळते. तरंगक हवाच, तो उघडा नको, इतकेच.

तुम्हाला शाळेत करता येतील असे दोन प्रयोग देतो. सीडीच्या पारदर्शक डबीचा तुकडा आणि त्याच आकाराचा थर्मोकोलचा तुकडा पाण्यात टाका. पहिला बुडेल, दुसरा तरंगेल. आता दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात डबीचा तुकडा टाका. तो वर आला तर त्याची घनता कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान आहे ते लिहा. दुसरा प्रयोग सवडीचा. थर्मोकोलचे दोन सारखे तुकडे घ्या. एक कपाटात ठेवा, दुसरा जाळीच्या पिशवीत घालून मार्च ते मे गच्चीवर बांधून ठेवा. नंतर दोन्ही तुकडे काळ्या कागदावर धरून दात घासायच्या जुन्या ब्रशाने प्रत्येकी वीस वेळा घासा आणि पडलेले कण भिंगातून मोजा. थर्मोकोल जाळू नका. त्याचा धूर अपायकारक असतो. पेट्रोलमध्येही विरघळवू नका. आणि मोजून झालेले कण कागदासकट पुडीत बांधून ठेवा, फुंकर मारू नका.