जळालेली गुंडाळी

शास्त्रपाठ : यिर्मया 36:20-32

यहोयाकीम राजाच्या हिवाळी महालात शेगडी पेटलेली होती. यिर्मयाने सांगितलेली व बारूखाने लिहिलेली गुंडाळी राजापुढे वाचली जात होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा ते चाकूने कापून विस्तवात टाकी. तिघा सरदारांनी विनवले, पण त्याने ऐकले नाही.

राजे गेले, ही रीत मात्र राहिली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तेथे तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग देत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकवले होते. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले, काही मरणही पावल्या.

1924 साली कंपनीचे अध्यक्ष आर्थर रोडर यांनी हार्वर्डचे डॉ. सेसिल ड्रिंकर यांना तपासणीस बोलावले. कामगारांच्या केसांवर व अंगावर चमकणारी धूळ आणि रक्तातील दोष त्यांना आढळले. कारण रेडियमच असावे, असे सांगून त्यांनी बचावाचे उपायही सुचवले. रोडर यांनी हा निष्कर्ष मानला नाही व अहवाल छापू दिला नाही. उलट, मुलींची प्रकृती उत्तम आहे असे दाखवणारा गोषवारा ड्रिंकर यांच्या नावावर राज्याच्या मजूर खात्याकडे गेला. अहवाल कंपनीचा आहे असे समजून ड्रिंकरही काही काळ गप्प होते. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यामुळे खरा प्रकार कळला, तेव्हा त्यांनी 1925 साली अहवाल प्रसिद्ध केला. 1928 साली पाच स्त्रियांच्या दाव्यात कंपनीने तडजोड केली : प्रत्येकीस 10,000 डॉलर, वर्षाला 600 डॉलर व औषधोपचार. पण गेलेली हाडे कोण भरून देणार?

यावरून आपण काय शिकावे?

पहिले, कागद जळतो, सत्य जळत नाही. यिर्मयाने दुसरी गुंडाळी लिहविली व तीत आणखी वचने घातली.

दुसरे, जाळणारा शेगडीजवळ ऊब घेतो. त्याची किंमत दुसऱ्यांनाही भरावी लागते.

तिसरे, आपल्याही हाती गुंडाळ्या येतात. हुबळी-धारवाडच्या आपल्या मंडळ्यांत कोणी कारखान्यात देखरेख करतो, कोणी दवाखान्यात नोंदी ठेवते, कोणी संस्थेचे हिशेब तपासतो. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामास लागल्यापासून किमान 40 वर्षे जपाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितले. रोग उशिरा उठतो, म्हणून नोंद जपावी लागते. जे कायदा मागतो, त्याहून कमी प्रभूने आपल्याकडे मागावे काय? आणि आपल्याच शाळेविरुद्ध वा मंडळीविरुद्ध खरा अहवाल आला, तर आपण चाकू शोधणार की उपाय?

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी : (1) सरदारांनी विनवण्याखेरीज आणखी काय करता आले असते? (2) गप्प राहणे केव्हा पाप ठरते?