‘क्लास’ : एक शब्द, अनेक अर्थ

जे इंग्रजी शब्द आपल्या घरांत मराठी शब्दांइतक्याच सहजतेने वावरतात, त्यांत ‘क्लास’ हा शब्द अग्रभागी आहे. मुलगा संध्याकाळी ‘क्लास’ला जातो, मुलगी ‘फर्स्ट क्लास’ मिळवते, शेजारचे काका ‘क्लास थ्री’तून निवृत्त होतात, साहेब कामचुकाराचा ‘क्लास घेतात’ आणि कालवण चवदार झाले की ‘एकदम क्लास!’ अशी दाद मिळते. पाच ठिकाणी पाच अर्थ. शब्दाचा अर्थ कोशात असतो तसाच तो शेजारच्या शब्दांत आणि बोलणाऱ्याच्या हेतूतही असतो, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी आम्हांस याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

शब्दाचे मूळ

हा शब्द लॅटिन भाषेतील ‘क्लासिस’पासून आला. रोमन परंपरेनुसार इ. स. पूर्व सहाव्या शतकात सर्व्हियस टुलियस या राजाने नागरिकांची मालमत्ता मोजून त्यांचे पाच ‘क्लासिस’ पाडले. कोणी कोणती शस्त्रे घेऊन युद्धास यावे आणि कोणाच्या मताला किती वजन असावे, हे त्यावरून ठरे. म्हणजे जन्मापासूनच या शब्दाच्या हाती मोजमापाची काठी आहे.

‘क्लासिकल’ हा शब्दही याच कुळातला. वरच्या वर्गातील धनिक नागरिकाला लावले जाणारे विशेषण पुढे वरच्या दर्जाच्या लेखकांना लावले गेले. आपण त्याला ‘अभिजात’ हा प्रतिशब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ ‘उच्च कुळात जन्मलेला’ असा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली भाषेलाही हा दर्जा दिला, याचा आपणां सर्वांस आनंद आहे. परंतु शब्दांचा अभ्यास करताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. रोमने श्रेष्ठत्व मालमत्तेवरून मोजले, तर आपल्या प्रतिशब्दाने ते जन्मावरून मोजले. आणि पाली तर तथागतांनी ज्या सामान्य जनांना उपदेश केला, त्यांच्या बोलींशी नाते सांगणारी भाषा!

शाळेतील आणि व्यवहारातील ‘क्लास’

मराठीत या एका शब्दासाठी इयत्ता, तुकडी, तास, वर्ग, श्रेणी, दर्जा असे कितीतरी शब्द आहेत. ‘शी इज इन क्लास’ म्हणजे तिचा तास चालू आहे. ‘शी इज इन माय क्लास’ म्हणजे ती माझ्या वर्गात शिकते. एका लहानशा शब्दाने अर्थ पालटला. अमेरिकेत ‘क्लास ऑफ १९९०’ म्हटले की त्या वर्षी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारी तुकडी, ज्याला आपले माजी विद्यार्थी ‘नव्वदची बॅच’ म्हणतात. प्राणिशास्त्रात सस्तन प्राण्यांचा एक ‘क्लास’ मानला जातो. तेथे वाघ, गाय आणि मनुष्य एकाच वर्गात बसतात. रेल्वेत मात्र एकाच गाडीने एकाच गावी जाणारी माणसे निरनिराळ्या ‘क्लास’मध्ये बसतात. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. तरी ‘थर्ड क्लास’ हा शब्द निकृष्ट या अर्थाने आपल्या बोलण्यात टिकून आहे. डबा गेला, पाटी राहिली.

‘क्लास’ आणि जात

समाजातील थर या अर्थाने हा शब्द इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांतीच्या काळात रुळला. कामगार वर्ग, मध्यम वर्ग ही नावे तेव्हाची. अशा वर्गातून वर जाणे कठीण असले, तरी अशक्य मानलेले नाही. भारतात काय घडले? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. वर्गाने आपली दारे आतून लावून घेतली, विवाहसंबंध आपल्यापुरतेच ठेवले, की त्याची जात बनते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. ‘क्लास’ आणि ‘कास्ट’ यांतील अंतर याहून नेमके सांगता येणार नाही.

पुढे ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव प्रचारात होते. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबलेले. पण कोणी दाबले, हे तो शब्द सांगत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या मिशनच्या मराठी नावात ‘निराश्रित’ हा शब्द होता. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेच्या नावात ‘बहिष्कृत’ हा शब्द आला. निराश्रिताची दया येते. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार कोणी घातला, हा प्रश्न उभा राहतो. याच सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. आपल्यासारख्या निवासी शाळांची परंपरा तेथवर पोहोचते.

१९३१ साली गोलमेज परिषदेस दिलेल्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव बदलण्याची मागणी केली. १९३२ च्या पुणे करारात ते राहिले. १९३५ च्या कायद्यात मात्र ‘शेड्युल्ड कास्ट्स’ हे नाव आले. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १६ (४) मध्ये ‘बॅकवर्ड क्लास’, म्हणजे मागासवर्ग, हा शब्द आहे. ‘क्लास’ म्हणताना जातीचा विचार करता येतो काय, यावर न्यायालयांत चार दशके वाद झाला. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, एखादी जात हीच सामाजिकदृष्ट्या मागास वर्ग असू शकते, असे मान्य केले. एका शब्दाच्या अर्थावर लक्षावधी मुलांचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून होती.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेणे पुरेसे नाही. शब्द कोण वापरतो, कोणाविषयी वापरतो आणि त्यातून कोणते दार उघडते वा बंद होते, हे विचारण्याची सवय त्यांना लावावी. ज्यांच्या पूर्वजांना वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांच्या मुलांना ‘क्लास’चे सगळे अर्थ ठाऊक असले पाहिजेत.