हात आपसूक उठू दे

वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं तयार करण्यात माझी २२ वर्षं गेली. शाळा माण तालुक्यातली. देहबोलीबद्दल जे उमजलं, ते लिहिते आहे.

१. हातवारे बसवायचे नसतात. सुरुवातीला मी ते बसवायचे. ‘सूर्य’ म्हटलं की हात वर, ‘माती’ म्हटलं की खाली. एका स्पर्धेत सातवीतला मुलगा एक ओळ विसरला आणि शब्द पुढे गेले, हात मागे राहिले. ‘माती’ म्हणताना त्याची बोटं आभाळाकडे होती. सभागृह हसलं. तो पुन्हा कधी व्यासपीठावर चढला नाही. चूक माझी होती, ती अजून सलते. मनातून बोलणाऱ्या माणसाकडे नीट पाहा, त्याचा हात बहुधा शब्दाच्या किंचित आधी उठतो. पाठ केलेला हात शब्दामागून येतो, आणि ऐकणाऱ्याला ते खटकतं.

२. आधी पाय. दोन्ही पावलांवर सारखा भार हवा. झुलणाऱ्या मुलाचा श्वासही तुटतो.

३. कीर्तन बघायला न्या. नारदीय कीर्तनकार एकटा उभा राहून आख्यानातली सगळी पात्रं उभी करतो. यशोदा बोलते तेव्हा नजर खाली झुकते, कृष्ण बोलतो तेव्हा ती वर जाते. तेवढ्यावर आई केवढी आणि लेकरू केवढं ते कळतं. पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, आणि मग उत्तररंग. तो विसावा श्रोत्यांनाही लागतो. आमची मुलं मात्र ‘आदरणीय व्यासपीठ’पासून घंटेपर्यंत धावत सुटतात.

४. एक वाक्य संपेपर्यंत एकाच माणसाकडे पाहायचं, मग दुसऱ्याकडे. शेवटच्या रांगेलाही तिचा वाटा द्यायचा. परीक्षकांकडेच बघत राहिलेलं मूल विनवणी करत असल्यासारखं दिसतं.

५. माइक स्टँडवर असेल तर मान वळवताना तोंड माइकसमोरच ठेवायचं, नाहीतर आवाज पडतो. हे सरावाशिवाय जमत नाही.

६. ‘९३ टक्के संवाद शब्दांवाचून होतो’ हे शिबिरांत ऐकवलं जाणारं वाक्य मुलांना सांगू नका. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आले. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, हे सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून लोक कसं ओळखतात, एवढंच त्यांत तपासलं होतं. संपूर्ण भाषणाला तो हिशेब लागू नाही. मुलं तो खरा मानतात आणि मजकुराची मेहनत सोडतात.

७. आठवीतल्या एका मुलीला मी काहीच शिकवलं नाही. विषय होता ‘पाणी’. तिच्या वस्तीवर तेव्हा टँकर यायचा. ती हात सोडून सरळ उभी राहिली, सहा मिनिटं जवळजवळ हललीच नाही. टँकर आल्यावर आजी हंडा कसा उचलते, ते सांगताना तिची कंबर नकळत एका बाजूला कलली आणि डावा हात रिकाम्या हवेत वाकडा झाला, हंड्याभोवती होतो तसा. पुढचं वाक्य ती तशीच, कललेली, बोलली. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई पदर सावरून ताठ बसल्या. मी कागदावर काही लिहिणार होते, ते राहूनच गेलं.