नकाशाची जाळी आणि शिवारातील जागा

नकाशाच्या चौकटींवरून काढलेला आकडा भूमीवरही आपोआप बरोबरच उतरतो, ही समजूत किती महागात पडते, हे वर्धा जिल्ह्यातील एका मौज्यात नाल्यावरील बंधाऱ्याची जागा मुक्रर होत असता मी जवळून पाहिले. मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश संबंधित दप्तराने जुन्या टोपोशीटवर जसेच्या तसे उतरविले. बंधारा शंभराहून अधिक मीटर सरकून धुऱ्यापलीकडच्या वावरात पडला, त्या शेतकऱ्याने धास्तावून तहसिलीत हरकत घेतली, आणि दुरुस्ती होईतो पावसाळा येऊन त्या वर्षीचे पाणी वाहून गेले.

आकडे चुकीचे नव्हते. त्यांचा आधार निराळा होता. १८०२ साली मद्रासेजवळ मोजलेल्या आधाररेषेपासून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणीत असता विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच हिंगणघाटी निवर्तला. त्याचे कार्य पुढे चालविणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली निश्चित केलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आपली जुनी टोपोशीटे रचलेली आहेत. जीपीएस आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे सर्वांसाठी खुले नकाशे मात्र डब्ल्यूजीएस-८४ हे पृथ्वीचे निराळे आकारमान मानतात.

जागा भलत्याच तावावर शोधली जाऊ नये म्हणून तावांची विभागणीही ध्यानी घ्यावी. चार अंशांच्या ५५ क्रमांकाच्या चौकटीतील ‘एल’ हा एक अंशाचा भाग पुन्हा पंधरा-पंधरा कलांत विभागलेला असल्याने पवनार ५५ एल/९ वर, तर अगदी जवळचे सेवाग्राम ५५ एल/१० वर येते.

याहून मोठा धोका यूटीएम या मीटरांत जागा सांगणाऱ्या जाळीच्या पद्धतीत आहे. तिच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांपैकी ४३ व ४४ यांची सीमा ७८ अंश रेखावृत्तावर आहे. त्यामुळे अमरावती शहर ४३ मध्ये, तर वर्धा ४४ मध्ये मोडते, आणि पट्टा न लिहिलेला आकडा जागेला सहाशेहून अधिक किलोमीटर दूर नेऊ शकतो. शिवाय वर्ध्याजवळ जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे ५० कला ढळलेली असते. किलोमीटरभर अंतरात पंधरा-एक मीटरांचा फरक पडायला तेवढे पुरे होते.

म्हणून विहिरीचा वा बंधाऱ्याचा आकडा कागदावर घेताना त्याशेजारी आधार, पट्टा आणि नकाशाचे साल आग्रहाने लिहवून घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी गावातील देवळासारखी सर्वांना ठाऊक असलेली एखादी जागा त्याच रीतीने ताडून पाहावी. धुऱ्याचा तंटा असेल, तर मोबाइलवरील आकड्यावर विसंबू नये. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा रीतसर अर्ज करावा.