शिक्षकांच्या नजरेतून उत्तनची मुले

मिरा-भाईंदर म्हटले की रेल्वेची गर्दी आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु याच महानगरपालिकेच्या हद्दीत, समुद्राच्या काठी, उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे आहेत. भाईंदर स्थानकावरून तेथे बस जाते. तरी शहराला ती गावे दूरचीच वाटतात. मी त्यांपैकीच एका गावातली, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. आमच्याकडील मुलांच्या आकांक्षांविषयी शिक्षकांना काय वाटते हे जाणून घ्यावे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी ओळखीच्या काही शिक्षकांशी बोलले. त्यावरून सुचलेले विचार येथे मांडीत आहे.

बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते : "मुले हुशार आहेत, पण त्यांना महत्त्वाकांक्षा नाही." दाखला म्हणून ते हजेरीपट पुढे करतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तोवर वर्ग भरलेला असतो. ऑगस्टात होड्या पाण्यात उतरल्या की मोठ्या मुलांचे बाक रिकामे होऊ लागतात. मुली शाळेत टिकतात. मात्र आई पहाटे मासळी घेऊन बाजाराला गेली की घर त्यांच्यावर पडते.

शिक्षकांची तळमळ खोटी नाही. डिझेल महाग, मासळीचा भरवसा नाही. तेव्हा मुलांनी नोकरी धरावी असे त्यांना वाटते, आणि आमच्या आईवडिलांनाही तसेच वाटते. पण यातून 'जो शिकला तो गावातून सुटला' असे समीकरण तयार होते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या किनारी वस्तीचा अभ्यास करून मायकेल कॉर्बेट यांनी २००७ साली 'लर्निंग टु लीव्ह' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळा मुलांना गाव सोडायला शिकवते, मग गावातच राहू पाहणाऱ्या मुलाला ती आपली वाटत नाही, असा त्याचा आशय आहे. वाचताना मला आमचेच मागचे बाक आठवले.

एका ज्येष्ठ गुरुजींचे मत मात्र वेगळे पडले. ते म्हणाले, "गणितात नापास होणारा पोरगा मला भरतीची वेळ तोंडी सांगतो. तिथीची पाऊणपट करायची; षष्ठी असेल तर साडेचार. ढोबळ असेल, पण हे गणितच ना? आम्ही ते फळ्यावर कधी घेतले नाही." डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर लावतात; म्हणून हा हिशोब घराघरांत पाठ असतो.

अर्जुन अप्पादुराई या मुंबईत जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडले की आकांक्षा बाळगणे ही एक क्षमता आहे, आणि तिचा सराव करण्याची संधी गरिबांना कमी मिळते. हे आमच्याकडे तंतोतंत लागू पडते. मत्स्यविज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून मुंबईत आहे. तिचे वर्सोवा आमच्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. दहावीला असताना आमच्या वर्गात यांपैकी एकाचेही नाव निघाल्याचे मला आठवत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस एवढीच नावे ऐकली. जी वाट कोणी दाखविलीच नाही तिची इच्छा मुलांनी कशी धरावी?

म्हणून 'महत्त्वाकांक्षा नाही' हा शिक्षकांचा निष्कर्ष मला पटत नाही. मुलांना इच्छा आहेत. त्या शाळेच्या भाषेत सांगता येत नाहीत. माझा धाकटा भाऊ यंदा नववीत आहे. त्याला होडीही आवडते आणि विज्ञानही. यांपैकी एक सोडल्याशिवाय दुसरे मिळणार नाही, असे त्याने आताच धरून ठेवले आहे. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. किनाऱ्यावरच्या शाळेत नेमणूक झालीच, तर 'तुला काय व्हायचे आहे?' याआधी 'तुला काय येते?' हे मुलांना जरूर विचारावे.