शेवटच्या शेताचे पाणी

आपल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात कार नदीवर धरण आहे. पण धरण भरले म्हणजे प्रत्येक शेताला पाणी मिळतेच असे नाही. कालव्याच्या तोंडाशी शेत असलेला मनसोक्त पाणी घेतो आणि टोकाच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. मग भांडणे होतात.

नाशिक जिल्ह्यातील ओझर गावाची हीच अडचण होती. हे गाव वाघाड धरणाच्या कालव्याच्या टोकाला आहे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथील शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९०-९१ च्या सुमारास तेथे तीन पाणी वापर संस्था सुरू झाल्या. पुढे साऱ्या वाघाड धरणाचे पाणीवाटप अशा संस्थांकडे आले.

ही संस्था कशी चालते? संस्था सरकारकडून पाणी मोजून घेते. सभासदांना पाळीपाळीने देते. पाणीपट्टी गोळा करते, चाऱ्या दुरुस्त करते आणि सभेत हिशेब मांडते.

२००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने यासाठी कायदा केला. त्यानुसार संचालक मंडळात कालव्याच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातील शेतकरी सारख्याच संख्येने घेतले जातात. टोकाचा माणूस सभेत बसला, तरच त्याची तहान इतरांना कळते.

मित्रांनो, तुमच्या गावात कालवा असेल, तर एकदा त्याच्या टोकापर्यंत चालत जा. तेथील पीक हिरवे आहे का, ते पाहा.

शब्दार्थ : चारी – कालव्यातून शेताकडे जाणारा लहान पाट. पाणीपट्टी – पाण्याबद्दल भरायची रक्कम.

स्वाध्याय : १. ओझरच्या शेतकऱ्यांची अडचण कोणती होती? २. पाणी वापर संस्था कोणती कामे करते?